आधी स्कॅन, मग स्टेंट : पित्तनलिकेच्या कर्करोगात रुग्णासोबत राहताना

आमच्या आप्पांच्या आजारात आम्ही दोन चुका केल्या. पहिली पंधरा दिवसांची होती, दुसरी एका दिवसाची. कावीळ ‘उतरवण्यात’ पंधरा दिवस गेले. मग घाबरून एका दिवसात स्टेंट, म्हणजे पित्ताची वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, बसवून घेतला आणि स्कॅन नंतर केला. पुढे सर्जन म्हणाले, ‘स्टेंटमुळे गाठीची कड नीट दिसत नाही.’ त्यानंतर ओळखीपाळखीतल्या पाच-सहा घरांसोबत फायली घेऊन फिरलो. सगळीकडे तेच दिसलं. प्रत्येक गोष्ट योग्य होती, पण आधीची नंतर आणि नंतरची आधी झालेली. औषध डॉक्टर ठरवतील, पण क्रमावर लक्ष ठेवणारं माणूस घरातलंच लागतं. ज्यांच्यावर ते काम येऊन पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

## १. कावीळ दिसली : पहिले काही दिवस

कावीळ म्हणजे एक आजार नव्हे. पाण्यातून होणारी, यकृताला सूज आणणारी कावीळ वेगळी आणि पित्ताची वाट अडल्यामुळे होणारी वेगळी. घरबसल्या ओळखता येतील अशा तीन खुणा आहेत : लघवी कोऱ्या चहासारखी गडद, शौचाचा रंग पांढुरका, मातकट, आणि अंगभर खाज, विशेषतः रात्री. ताप नाही, पोट फारसं दुखत नाही, वजन मात्र उतरतंय आणि माणूस पन्नाशी-साठीच्या पुढचा आहे, तर वाट पाहू नका.

पहिल्या दिवशी दोनच गोष्टी करायच्या. यकृताची रक्ततपासणी आणि पोटाची सोनोग्राफी. अहवालात डायरेक्ट बिलिरुबिन (काविळीचा आकडा) आणि अल्कलाइन फॉस्फेटेज बरंच वाढलेलं असेल, सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेल्या दिसत असतील, तर वाटेत काहीतरी अडलंय हे नक्की. खडा असू शकतो, गाठही असू शकते. पुढची गाठभेट पोटविकारतज्ज्ञांची.

आता माळेबद्दल. गावोगावी कावीळ उतरवणारे आहेत. कुणी गळ्यात माळ घालतं, कुणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पिवळं पाणी दाखवतं, कुणी नाकात देवडांगरीचे थेंब सोडतं. आजीचा जीव शांत होत असेल तर माळ घालू द्या, तिच्यावर भांडण करण्यात शक्ती घालवू नका. पण नाकात आणि पोटात काहीही जाऊ देऊ नका. झाडपाल्याचा भार त्याच यकृतावर पडतो जे आधीच तुंबलंय. आणि सगळ्यात महाग पडतो तो गेलेला वेळ.

सावधान : कावीळ आणि सोबत थंडी वाजून ताप, म्हणजे अडलेल्या पित्तात जंतुसंसर्ग. या वेळी क्रम-बिम काही नाही, त्याच तासाला दवाखाना. माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला, रक्तदाब उतरला, तर रात्र काढायची नाही.

## २. स्कॅन : स्टेंटच्या आधी

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कावीळ पाहून घरचे घाबरतात, पहिला भेटलेला दवाखाना ‘उद्याच स्टेंट टाकू’ म्हणतो, आणि रंग उतरू लागल्यावर सगळ्यांना हायसं वाटतं. पण स्टेंट बसला की नलिकेच्या भिंतीला सूज येते, स्कॅनमध्ये स्टेंटची सावली पडते आणि गाठ कुठे सुरू होते, कुठे संपते, हे वाचणं अवघड होतं.

ताप नसेल तर क्रम असा :

१. क्रिएटिनिन तपासून घ्या. स्कॅनमध्ये चित्र उठून दिसावं म्हणून कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन द्यायचं म्हणजे मूत्रपिंड ठीक हवं.

२. पोटाचा आणि छातीचा सीटी स्कॅन. पोटाचा ‘ट्रायफेजिक’, म्हणजे इंजेक्शननंतर तीन टप्प्यांत काढलेला, हवा. साधा सीटी करून आणलात तर मोठ्या रुग्णालयात तो परत करायला लावतात. चिठ्ठीवर हा शब्द आहे का, हे सेंटरवर पैसे भरण्याआधी बघा.

३. एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय.

४. दोन्हींच्या चित्रांची सीडी किंवा पेन ड्राइव्ह. छापील अहवाल पुरत नाही, सर्जनला चित्रं स्वतः बघायची असतात.

५. हे घेऊन यकृत-स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या सर्जनची भेट. ‘तुंबलेल्या पित्ताचा निचरा हवा का, कुठून, कोणत्या बाजूचा’ हे त्यांचं आणि एंडोस्कोपीच्या डॉक्टरांचं मिळून ठरू द्या. शस्त्रक्रिया लगेच होणार असेल आणि बिलिरुबिन फार चढलेलं नसेल, तर काही वेळा स्टेंटशिवायही जातात.

गाठ कुठे आहे यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. यकृताच्या आत असेल तर यकृताचा तो भाग काढतात. उजवी-डावी नलिका जिथे एकत्र येतात त्या चौकात असेल तर नलिकेसोबत यकृताचा बराच भाग जातो. खाली स्वादुपिंडाजवळ असेल तर व्हिपल नावाची मोठी शस्त्रक्रिया. पित्ताशयाचा कर्करोग आणि स्वादुपिंडाच्या डोक्याचा कर्करोग हे शेजारी आहेत, लक्षणं सारखीच असतात, उपचार मात्र वेगळे. म्हणून ‘पित्ताचा कॅन्सर’ एवढ्यावर थांबू नका. नेमकं कुठे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

बायोप्सीचीही, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याचीही, घाई करू नका. गाठ काढण्याजोगी दिसत असेल तर सर्जन काही वेळा बायोप्सीशिवायच शस्त्रक्रिया करतात. चौकातल्या गाठीत पोटातून सुई घातली तर पेशी वाटेत सांडण्याची भीती असते, आणि यकृत-प्रत्यारोपणाचा विचार असेल तर अशा सुईमुळे ती दारं बंद होऊ शकतात. केमोथेरपी द्यायची असेल तर मात्र तुकडा हवाच. म्हणून सुईची तारीख घेण्याआधी एकच प्रश्न : ‘सर्जननी हे पाहिलंय का?’

तपासा : नलिकेतून ब्रशने घेतलेल्या नमुन्यात ‘कर्करोगाच्या पेशी नाहीत’ असं आलं तरी पेढे वाटू नका. ही गाठ चिवट, तंतुमय असते, ब्रशला पेशी अनेकदा लागतच नाहीत. उलट सीए १९-९ हा कर्करोगासाठी पाहिला जाणारा रक्तातला आकडा नुसत्या काविळीनेही वाढतो. कावीळ उतरल्यावर तो पुन्हा करायचा, तोवर त्याच्यावरून रात्र जागवू नये.

## ३. फाईल : एक माणूस, एक पिशवी

तीन मुलं, दोन जावई, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये अर्धे अहवाल. हे चित्र मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्या भेटीत फाईलच मागतो.

फाईल एकाच माणसाकडे. तारखेप्रमाणे, सर्वांत नवा कागद वर. पहिल्या पानावर हाताने लिहिलेला एक कागद : वय, वजन, मधुमेह-रक्तदाब, चालू गोळ्या, कशाची अॅलर्जी, आधीच्या शस्त्रक्रिया. त्याखाली बिलिरुबिन, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन यांचा तारीखवार तक्ता. डॉक्टरांना दोन मिनिटांत चढउतार दिसतो आणि उरलेली आठ मिनिटं तुमच्या प्रश्नांना मिळतात.

स्टेंट बसला असेल तर प्रक्रियेची नोंद मागून घ्या : प्लास्टिकचा की धातूचा, किती, कोणत्या बाजूला, कोणत्या तारखेला. बायोप्सी झाली असेल तर पॅराफिन ब्लॉकचा क्रमांक टिपा. बायोप्सीचा तुकडा जपलेला तो मेणाचा ठोकळा पुढे फार लागतो. दुसऱ्या रुग्णालयात परत वाचन होतं, आणि एफजीएफआर२, आयडीएच१, हर२, एमएसआय अशा, गाठीतले बदल शोधणाऱ्या तपासण्या त्याच्यावरच होतात. यातलं काही सापडलं तर निराळ्या, नेमक्या त्या बदलावर काम करणाऱ्या औषधांची किंवा इम्युनोथेरपीची (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या औषधांची) वाट उघडते. ठोकळा नेताना सही करून घ्या आणि त्याच्या पावतीचा फोटो काढा. आमचा एक ठोकळा दोन प्रयोगशाळांच्या मध्ये अकरा दिवस अडकला होता.

## ४. पैसे : भरती होण्याआधी

इथेही क्रमच. योजना भरतीआधी विचारायच्या असतात, बिल आल्यावर नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रोखरहित आहे, म्हणजे रुग्णालयाने आधी मंजुरी मागवायची असते. तुम्ही खिशातून भरलेले पैसे नंतर परत मिळतील या भरवशावर राहू नका. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. पहिल्या ओपीडीच्या दिवशीच त्यांच्यापुढे रेशन कार्ड आणि आधार ठेवा. दोन्हींवरचं नाव जुळतं का हे घरीच पाहा. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ यातल्या एका मात्रेने फाईल परत येते. कोणती प्रक्रिया योजनेत बसते आणि कोणतं औषध बसत नाही, हे त्यांच्याकडूनच समजून घ्या. इम्युनोथेरपीसारख्या महाग औषधांबद्दल स्पष्ट विचारा.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसील कार्यालयातून यायला वेळ लागतो, म्हणून निदानाच्या आठवड्यातच अर्ज टाका. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जायला लाजू नका. तिथली माणसं मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज आणि ट्रस्टची पत्रं यांची वाट दाखवतात.

मुंबईला टाटा मेमोरियलला जायचं असेल तर परळचं मुख्य रुग्णालय आणि खारघरचं केंद्र यांपैकी तुमची तारीख कुठली, हे निघण्याआधी पाहा. नेमक्या तारखेला चुकीच्या टोकाला पोचलेले लोक दर आठवड्याला भेटतात. राहण्यासाठी परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आणि दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. दोन्हीकडे रुग्णालयाचे कागद लागतात आणि गर्दी असते, म्हणून पहिल्या दोन रात्रींची सोय नातेवाइकांकडे करून ठेवा. रेल्वेत कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र रुग्णालयातून घ्यायचं. पहिल्या फेरीतच मागा, नाहीतर दुसऱ्या फेरीचंही पूर्ण तिकीट काढावं लागतं.

## ५. निचरा : स्टेंट किंवा बाहेरची पिशवी

तुंबलेलं पित्त काढायचे दोन रस्ते. तोंडातून दुर्बीण घालून आत स्टेंट बसवणं, म्हणजे ईआरसीपी. किंवा बरगडीखालून त्वचेतून यकृतात नळी घालून पित्त बाहेरच्या पिशवीत घेणं, म्हणजे पीटीबीडी. चौकातल्या गाठीत दुसरा रस्ता बऱ्याचदा लागतो.

प्रक्रियेआधी घरच्यांनी तीन गोष्टी पाहायच्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी बंद करायच्या, हे हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं, स्वतः नाही. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासलंय का पाहायचं, कारण पित्त आतड्यात पोचलं नाही की के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. त्यासाठी इंजेक्शन देतात. तिसरं म्हणजे उपाशी पोट. ‘फक्त घोटभर चहा’ घेतल्याने तारीख गेलेली मी पाहिलीय.

ईआरसीपीनंतर पहिल्या दिवसात पोटात पाठीपर्यंत जाणारी जोरात कळ आली, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. काळी डांबरासारखी शौच, ताप, थंडी, यातलं काहीही झालं तर लगेच परत जायचं. ‘दुर्बीण घातलीय, दुखणारच’ असं म्हणून झोपू नये.

प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांनी बदलावा लागतो. धातूचा जास्त टिकतो, पण तोही तुंबू शकतो. सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे ही तारीख विसरणं. रंग उतरलेला असतो, माणूस जेवायला लागलेला असतो, आणि चौथ्या महिन्यात एकदम थंडी वाजून ताप येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दहाव्या आठवड्याला लाल गोल करा, त्या आठवड्यात फोन करून तारीख घ्या.

### नळी आणि पिशवी घरी सांभाळताना

सुट्टी मिळण्याआधी सिस्टरसमोर ड्रेसिंग आणि सलाईन आत सोडण्याची कृती स्वतःच्या हाताने एकदा करून दाखवा. नुसतं बघून येत नाही.

१. साबणाने हात धुणं, प्रत्येक वेळी. हॅण्डवॉशची बाटली पलंगाशेजारी ठेवा.

२. पिशवी नेहमी पोटाच्या खालच्या पातळीवर. झोपताना पलंगाच्या कडेला, चालताना कपड्याला कमरेखाली अडकवून. नळीला ताण बसता कामा नये. कूस बदलताना ओढली जाऊन बाहेर आलेली नळी हा रात्रीचा नेहमीचा अपघात आहे.

३. रोज एकाच वेळी पिशवी मोजून रिकामी करा. किती मिली आणि रंग कसा, हे वहीत लिहा. पिवळसर सोनेरी ते हिरवट चालतो. लाल, पू-मिश्रित किंवा गढूळ चालत नाही.

४. डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच, सांगितलं तेवढंच निर्जंतुक सलाईन सिरिंजने हळू आत सोडायचं. परत ओढून घ्यायचं नाही. ओढलं तर आतड्यातली घाण नलिकेत येते. जोर लागतोय असं वाटलं तर थांबा आणि फोन करा.

५. आंघोळीला ती जागा कोरडी ठेवा. पट्टी ओली झाली तर लगेच बदला.

बाहेर जाणारं पित्त म्हणजे पाणी आणि मीठही बाहेर जातं. पिशवी दिवसाला भरभरून जात असेल, माणूस गळून गेला असेल, लघवी कमी झाली असेल, तर क्षारांची तपासणी लागते आणि भरपाई काय करायची ते डॉक्टर सांगतात.

सावधान : पिशवीत येणारं पित्त अचानक बंद झालं तर आनंद मानू नका. नळी तुंबली किंवा सरकली असेल. आधी नळीला पीळ पडलाय का आणि थ्री-वेची, म्हणजे नळीला जोडलेल्या तीन तोंडांच्या जोडणीची, तोटी कुठल्या बाजूला आहे ते पाहा. तरी येत नसेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

## ६. शस्त्रक्रिया

इथे घरच्यांच्या हातात तयारीच असते, म्हणून थोडक्यात. यकृताचा मोठा भाग काढायचा असेल तर उरणारा भाग पुरेसा आहे का हे आधी मोजतात. कमी असेल तर एका बाजूची रक्तवाहिनी बंद करून दुसरी बाजू वाढू देतात आणि काही आठवडे थांबतात. हा थांबा म्हणजे दिरंगाई नव्हे. त्या काळात डॉक्टर बदलू नका.

या आठवड्यांत रोज चालणं आणि तीन चेंडूंच्या यंत्रावर श्वासाचा व्यायाम. तंबाखू बंद. डॉक्टर ‘सिगारेट, दारू?’ विचारतात, आई ‘नाही’ म्हणते, आणि दिवसातून तीनदा लावली जाणारी मशेरी कुणी मोजतच नाही. ती तुम्ही सांगा.

गाठ पूर्ण निघाली तरी नंतर बहुधा सहा महिने कॅपेसिटाबाईनच्या गोळ्या देतात : दोन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा सुट्टी. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत. तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटू लागले किंवा जुलाब वाढले, तर गोळी थांबवायची की कमी करायची हे फोन करून विचारा. ‘कोर्स पूर्ण करायचाच’ हा हट्ट प्रतिजैविकांपुरता ठीक, इथे तो अंगाशी येतो.

## ७. केमोथेरपी

शस्त्रक्रिया शक्य नसेल तर पहिला उपचार बहुतेक ठिकाणी जेमसिटाबिन आणि सिस्प्लाटिन या दोन औषधांचा असतो. पहिल्या आणि आठव्या दिवशी सलाईन, मग विश्रांती, एकविसाव्या दिवसानंतर पुढचं चक्र. परवडत असेल किंवा सोय झाली तर सोबत ड्युरव्हॅलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी जोडतात.

इथला क्रम : बिलिरुबिन पुरेसं उतरलेलं हवं, मग केमो. निचरा नीट नसताना ‘लवकर चालू करा’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. तुंबलेल्या पित्तात जंतू असतील आणि केमोने पांढऱ्या पेशी उतरल्या, तर माणूस दोन दिवसांत आयसीयूत जातो.

प्रत्येक सलाईनच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी रक्त तपासायचं. गावाहून येणाऱ्यांनी हे तालुक्यालाच करून अहवाल आधी पाठवावा. पेशी कमी आल्या तर दीडशे किलोमीटरचा हेलपाटा वाचतो.

सिस्प्लाटिन मूत्रपिंडाला जड जातं. त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस पाणी, ताक, सरबत भरपूर, डॉक्टरांनी पाण्याचं बंधन घातलं नसेल तर. लघवी किती वेळा झाली हे लिहा. कानात आवाज येतोय का, बोटांना मुंग्या येतायत का, हे मुद्दाम विचारा. आप्पांसारखी माणसं आपणहून सांगत नाहीत. शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला, तेव्हा आम्हाला कळलं.

उलटीच्या गोळ्या उलटी झाल्यावर घ्यायच्या नसतात. ठरलेल्या वेळेला, बरं वाटत असतानाही घ्यायच्या, कारण उलट्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येतात. सोबतच्या स्टेरॉइडने मधुमेहींची साखर चढते, ग्लुकोमीटर बाहेर काढून ठेवा.

### ताप

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही. केमो चालू असताना तोंडात १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप म्हणजे आणीबाणी. वेळ कुठलीही असो.

– आधी मोजा, मग गोळी. पॅरासिटामॉल देऊन ताप दडपला की दवाखान्यात ‘आता तर नॉर्मल आहे’ म्हणतात.

– काखेतला आकडा कमी येतो. काखेत १०० आला तरी फोन करा.

– जेमसिटाबिननेही सलाईननंतर एक-दोन दिवस अंग तापतं. पण ‘औषधाचाच असेल’ हे ठरवणं तुमचं काम नाही, तिथल्या डॉक्टरांचं आहे.

– तापासोबत डोळे पुन्हा पिवळे दिसले किंवा थंडी वाजली, तर स्टेंट तुंबलाय असं धरूनच निघा. शक्यतो जिथे ईआरसीपी होते अशाच रुग्णालयात जा. जवळच्या नर्सिंग होममध्ये तीन दिवस सलाईन लावून वेळ जातो.

– दारातच सांगा : ‘केमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला. पित्तनलिकेत स्टेंट आहे.’ ही दोन वाक्यं बोलल्यावर रांग बदलते.

एकाच पायाला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप, हीसुद्धा त्याच दिवशी सांगायची गोष्ट. या कर्करोगात रक्ताच्या गुठळ्या होण्याचं प्रमाण जास्त असतं. इम्युनोथेरपी घेतलेल्यांना जुलाब, धाप, कमालीचा थकवा हे त्रास महिन्यांनंतरही होऊ शकतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलात तरी हे औषध घेतलंय ते सांगा.

## ८. जेवण, खाज, दुखणं

काविळीत तेल-तूप, हळद, सगळं बंद आणि फक्त उसाचा रस, हा आपल्याकडचा जुना नियम. इथे तो माणसाला वाळवतो. वजन आणि ताकद टिकली तरच शस्त्रक्रिया किंवा केमो झेपते. जेवण बंद नाही, लहान करायचं : दिवसातून सहा वेळा, वाटीभर. मऊ मुगाची खिचडी, अंडं, मासे, पनीर, दही, शेंगदाण्याची चटणी, नाचणीचं सत्त्व, जे जाईल ते. स्वयंपाकातली हळद राहू द्या. हळदीच्या किंवा कर्क्युमिनच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना न विचारता नको. रस्त्यावरचा उसाचा रस, उघड्यावरची कापलेली फळं आणि बाहेरची चटणी केमोच्या काळात पूर्ण बंद.

शौच तेलकट, तरंगणारी, धुऊन न जाणारी होत असेल तर स्निग्ध पदार्थ पचत नाहीयेत. त्यावर उपाय तूप तोडणं नव्हे, पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल असतात. त्या पहिल्या घासासोबत घ्यायच्या. जेवण झाल्यावर घेतल्या तर फायदा होत नाही, आणि निम्म्या घरांत त्या तशाच घेतल्या जातात.

खाज ही अॅलर्जी नाही. मेडिकलमधून आणलेल्या खाजेच्या गोळीने झोप येते, खाज फारशी जात नाही. खरा इलाज निचरा. तोवर कोमट पाण्याची आंघोळ, ओल्या अंगावर खोबरेल, सुती कपडे आणि नखं कापलेली. डॉक्टर कोलेस्टिरामिनची पूड देतील तर बाकीच्या गोळ्या तिच्यासोबत देऊ नका. ती त्यांना धरून ठेवते. बाकीची औषधं तिच्या तासभर आधी किंवा चार-सहा तासांनंतर.

दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या स्वतःहून नकोत. सिस्प्लाटिन चालू असताना त्या मूत्रपिंड बिघडवतात. पॅरासिटामॉललाही यकृतामुळे मर्यादा असते, दिवसाला किती ते लिहून घ्या. मॉर्फिनचं नाव काढलं की घरात स्मशानशांतता पसरते. मॉर्फिन म्हणजे शेवट नव्हे. दुखणं आहे म्हणून ते देतात, घड्याळ लावून देतात, आणि सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध लागतं. हे दुसरं औषध विसरलं की बद्धकोष्ठ होतं आणि मग मॉर्फिनलाच दोष मिळतो. ते सगळ्या दुकानांत मिळत नाही, म्हणून संपायच्या आठ दिवस आधी चिठ्ठी घ्या.

## ९. त्यांना सांगायचं की नाही

‘आप्पांना सांगू नका, ते खचतील.’ आम्हीही डॉक्टरांना दाराबाहेर गाठून हेच सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाने आप्पांना सगळं समजावून सांगितलं. ते आमच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

एकदम सगळं ओतायची गरज नाही. ‘तुम्हाला काय वाटतंय, काय झालंय?’ असं आधी विचारा. बहुतेकांना अंदाज असतो. मग जेवढं विचारतील तेवढं, खरं. संमतिपत्रावर सही त्यांची असते आणि उलटीचा, पिशवीचा त्रास त्यांनाच होणार असतो. शिवाय बँकेचं नॉमिनेशन, जमिनीचे कागद, मृत्युपत्र या गोष्टी माणूस शुद्धीवर, खुर्चीत बसलेला असतानाच होतात.

घरात पाळ्या लावा. रुग्णालयातली रात्र एकाकडे, फाईल दुसऱ्याकडे, योजनेचे हेलपाटे तिसऱ्याकडे. परदेशातल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर ‘अजून एक मत घेऊ’ म्हणायची सवय असेल तर दुसरं मत घेण्याचं काम त्यालाच द्या : स्कॅन पाठवणं, वेळ ठरवणं, प्रश्न लिहिणं. दुसरं मत जरूर घ्यावं, पण उपचार सुरू होण्याआधी, आणि एकदाच.

## १०. उपचार थांबतात तेव्हा

काही घरांत तो दिवस येतो जेव्हा डॉक्टर म्हणतात, आता केमो नको. म्हणजे काहीच करायचं नाही असं नाही. तुंबलेला स्टेंट खाज आणि तापासाठी तरीही बदलता येतो. पोटात पाणी साठलं तर काढता येतं. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या उपचारांची, ओपीडी त्यासाठीच असते आणि तिथे लवकर गेलेलं चांगलं, केमो चालू असतानाही जाता येतं.

व्हेंटिलेटर, आयसीयू, पुन्हा मुंबईची फेरी, यातलं काय नको, हे सगळ्या भावंडांनी एकत्र बसून आधी ठरवा आणि शक्य असेल तर आजारी माणसालाच विचारा. ठरलेलं कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. रात्री घाबरून रुग्णवाहिका बोलावणारा बहुधा तोच असतो जो त्या बैठकीला नव्हता.

घरीच ठेवायचं ठरलं तर फॅमिली डॉक्टरांना आधी भेटून या. घरी मृत्यू झाला तर कारणाचं प्रमाणपत्र डॉक्टरांनीच द्यावं लागतं, आणि ज्यांनी रुग्णाला पाहिलेलंच नाही असे डॉक्टर ते द्यायला कचरतात. महिन्यातून एक-दोनदा त्यांना घरी बोलवा, शेवटच्या डिस्चार्ज कार्डाची आणि बायोप्सी अहवालाची प्रत त्यांच्याकडे देऊन ठेवा, रात्री फोन उचलतील का ते तोंडावर विचारा. आम्हाला हे पहाटे अडीच वाजता कळलं, आणि साडेसातला दवाखाना उघडेपर्यंत सगळे अंगणात बसून होतो.